गोल्फची रीत आणि कुंपणाबाहेरची माणसं

मंडळी, आजचा विषय आपल्या नेहमीच्या वळणाचा नाही. आज गोल्फवर लिहितो आहे. जन्म साताऱ्याचा, नोकरी सांगली जिल्ह्यातली, सगळी हयात इतिहास शिकवण्यात गेलेली, अशा माणसाचा गोल्फशी संबंध काय, असं तुम्ही विचाराल. तुमचं बरोबर आहे. गोल्फची काठी मी कधी हातात धरलेली नाही.

पण माझा एक भाचा अमेरिकेत एका वसाहतीच्या गोल्फ मैदानाला लागून राहतो. वर्षाकाठी पाच-सात चेंडू त्याच्या परसात येऊन पडतात. घर घेताना त्याला त्या मैदानाच्या शिष्टाचाराची एक पुस्तिका मिळाली होती. ती त्यानं मला पाठवली. "मामा, तुम्ही शिस्तीचे भोक्ते. वाचून बघा, आवडेल तुम्हाला," असं वर लिहिलं होतं. वाचली आणि खरोखरच आवडली. मग सवयीप्रमाणे या गोष्टीचा उगम शोधत मागे मागे गेलो, तर स्कॉटलंडहून निघून शेवटी साताऱ्याला आणि सांगलीलाच येऊन पोचलो! ते कसं, ते सांगतो.

आधी, खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. शंभर-दीडशे एकरांचं मैदान, त्यात अठरा ठिकाणी लहान भोकं. काठीनं चेंडू मारत मारत तो एकेका भोकात घालायचा, आणि ज्याला कमीत कमी फटके लागले तो जिंकला. रीतभात मात्र या खेळाइतकी दुसऱ्या कुठल्या खेळात क्वचितच असेल. फटका मारताना गवताचा ढलपा उडाला, तर तो उचलून जागच्या जागी बसवायचा आणि पायानं दाबायचा. वाळूच्या खड्ड्यात उतरलात, तर बाहेर येताना दाताळ्यानं वाळू सारखी करायची. भोकाभोवतीच्या हिरवळीवर चेंडू पडून खळगा झाला, तर तो भरून काढायचा. दुसरा फटका मारत असताना बोलायचं नाही, हलायचं नाही, आपली सावलीसुद्धा त्याच्या वाटेत पडू द्यायची नाही. आपण सावकाश खेळत असू, तर मागच्यांना पुढे जाऊ द्यायचं. चेंडू कुणाच्या अंगावर जातो आहे असं वाटलं, तर "फोर!" असं मोठ्यानं ओरडायचं.

२०१९ साली या खेळाची नियमावली नव्यानं लिहिली गेली. तिच्यात खेळाडूनं कसं वागावं हे अगदी पहिल्याच नियमात घातलं आहे: प्रामाणिक राहा, दुसऱ्याचा विचार करा, मैदानाची काळजी घ्या. रोजच्या खेळात प्रत्येकाच्या मागे पंच फिरत नसतो. आपली चूक आपणच सांगायची. १९२५ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत बॉबी जोन्स हा नामवंत खेळाडू फटका मारायच्या तयारीत असताना त्याचा चेंडू किंचित हलला. दुसऱ्या कुणी ते पाहिलं नव्हतं. त्यानं आपण होऊन एक फटका दंड लावून घेतला. पुढे सामना बरोबरीत सुटला आणि जादा फेऱ्यांमध्ये तो अवघ्या एका फटक्यानं हरला. मूल्यशिक्षणाच्या तासाला सांगावी अशी ही गोष्ट आहे.

या सगळ्या रीतीचं सार मला एका वाक्यात सांगता येईल: तुमच्या मागून कुणीतरी येणार आहे, त्याच्यासाठी जमीन होती तशी ठेवा.

आता ही रीत आली कुठून? आज उपलब्ध असलेले गोल्फचे सर्वांत जुने लेखी नियम १७४४ सालचे आहेत. एडिंबरोजवळच्या लीथ गावी खेळणाऱ्या मंडळींनी ते केले. एकूण नियम तेरा. त्यातला तेरावा मला फार आवडला. मैदान राखण्यासाठी खणलेले चर, शाळकरी पोरांची भोकं आणि शिपायांनी केलेल्या ओळी यांना खेळातला अडथळा मानू नये. चेंडू तिथं गेला तर बाहेर काढून खेळावा, असं तो सांगतो. म्हणजे बघा, ज्या जमिनीवर हे सद्गृहस्थ खेळत होते, त्याच जमिनीवर शाळेतली पोरं खेळत होती आणि पलटणीचाही वावर होता. ती जमीन एकट्या कुणाच्या मालकीची नव्हती, हे नियम करणारेही जाणून होते.

सेंट अँड्र्यूज या गावाची गोष्ट तर याहून बोलकी आहे. गोल्फवाल्यांची ती पंढरीच. तिथलं समुद्रकाठचं माळरान गावाचं सामाईक. १५५२ साली तिथल्या आर्चबिशपला त्या माळावर ससे पाळायची मुभा मिळाली, पण त्याच सनदेत गावकऱ्यांचा गोल्फ, फुटबॉल वगैरे खेळ खेळण्याचा हक्क राखून ठेवला गेला. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस गावची तिजोरी रिकामी झाली, माळ विकला गेला आणि सशांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडला. सशांनी बिळं करून जमिनीची चाळण केली. गावकरी चिडले. सुमारे वीस वर्षं कोर्टकचेऱ्या आणि मारामाऱ्या चालल्या. १८२१ मध्ये एका गोल्फप्रेमी जमीनदारानं तो माळ विकत घेतला तेव्हा भांडण मिटलं, आणि १८९४ च्या कायद्यानं कारभार पुन्हा नगरपालिकेकडे आला. आजही तिथल्या जुन्या मैदानावर, मोठी स्पर्धा नसेल तर, रविवारी गोल्फ बंद असतो. त्या दिवशी गावातली माणसं, पोरंबाळं, कुत्री त्या जगप्रसिद्ध हिरवळीवर फिरायला येतात. इतर दिवशीसुद्धा पहिल्या आणि शेवटच्या पट्ट्यातून एक सार्वजनिक रस्ता आडवा जातो. जाणाऱ्या-येणाऱ्याला वाट देऊन मगच फटका मारायचा.

मला वाटतं, ही रीत अशा जमिनीत रुजली. शेजारी वावरणारा माणूस कोण असेल याचा नेम नाही, म्हणून ओरडून सावध करायचं. जमीन सगळ्यांची, म्हणून खड्डा भरायचा.

तोच खेळ आपल्याकडे आला तो मात्र कुंपण घेऊन आला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ चा. ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना म्हणतात. मुंबईचा १८४२ चा. आता १८२९ हे साल आम्हा सातारकरांना वेगळ्याच कारणानं ठाऊक आहे. त्याच वर्षी गव्हर्नर माल्कमनं छत्रपती प्रतापसिंह महाराजांशी करार करून महाबळेश्वरचा डोंगर घेतला आणि बदल्यात महाराजांना खंडाळा गाव दिलं. तिथं माल्कमपेठ वसली, क्लब आला, पोलो ग्राउंड आलं, एकेका कड्याला साहेबांची नावं लागली. दहा वर्षांनी त्याच प्रतापसिंहांना गादीवरून काढून काशीला धाडलं. ज्याच्याशी अदबीनं करार केला, त्याच्याशी असं वागताना त्यांचा शिष्टाचार कुठे गेला होता, हा प्रश्न मी वर्गात दरवर्षी विचारायचो. मुलं गप्प बसायची. एक-दोन जण म्हणायचे, "सर, तो त्यांचा त्यांच्यापुरता होता." उत्तराला मी पैकीच्या पैकी गुण देत असे.

त्यांच्यापुरता म्हणजे कसा, ते मुंबईच्या मैदानात दिसलं. बॉम्बे जिमखान्याच्या साहेबांना क्रिकेटसाठी स्वतःची राखलेली हिरवळ होती. पोलो मात्र ते शेजारच्या उघड्या मैदानात खेळत, आणि ते तर पारशी, हिंदू, मुसलमान पोरांचं क्रिकेटचं मैदान. घोड्यांच्या टापांनी जमिनीला खड्डे पडत, आणि मग चेंडू कुठून कसा उसळेल याचा भरवसा नाही! गोल्फमध्ये तळहाताएवढा ढलपा जागेवर बसवणाऱ्या जातीतलीच ही माणसं. पण मागून खेळायला येणारा काळा असल्यावर खड्डा भरायची आठवण कुणाला? १८८१ मध्ये शापूरजी सोराबजी या पारशी क्रिकेटवेड्याच्या पुढाकारानं साडेचारशेच्या आसपास देशी खेळाडूंनी सह्या करून सरकारकडे अर्ज केला. पोलो हलवला गेला, साहेबांनी ओरड केल्यावर परत आला. ते भांडण कित्येक वर्षं चाललं. शापूरजींनी १८९७ मध्ये त्यावर पुस्तकच छापलं. याच काळात मरीन लाइन्सच्या किनाऱ्यावर पारशी, मुसलमान आणि हिंदू अशा तिन्ही जिमखान्यांना एकापाठोपाठ जागा मिळाल्या.

झालं, आपल्याला मैदान मिळालं. पण आपण तरी काय केलं? आता साताऱ्याकडे वळतो.

पळवणकर बाळू हे नाव जुन्या लोकांना माहीत असेल. जन्म १८७६ चा, धारवाडचा. घराणं मूळ कोकणातल्या पळवणचं, जात चांभार. पुण्यात साहेबांच्या क्लबात महिना चार रुपयांवर हा पोरगा खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, जाळी लावायचा आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायचा. डावखुरा फिरकी गोलंदाज. फलंदाजीची संधी त्याला तिथं मिळाली नाही, तो साहेबांचा मान! पुढे पुण्याच्या हिंदू संघानं, बरीच खळखळ करून, त्याला आपल्यात घेतलं. मैदानावर सगळे एकच चेंडू हाताळत. चहाची वेळ झाली की इतर मंडळी आत जात आणि बाळूला बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचं पानही वेगळं.

हा पुण्याचा हिंदू संघ एकदा साताऱ्याला गोऱ्यांच्या जिमखान्याशी खेळायला आला. बाळूची फिरकी चालू नये म्हणून साहेबांनी खेळपट्टीवर आठवडाभर रूळ फिरवून घेतला होता. तरी बाळूनं सात बळी घेतले आणि हिंदू संघ सहज जिंकला. त्यानंतर साताऱ्यात बाळूची हत्तीवरून मिरवणूक निघाली. पुण्याला परतल्यावर न्यायमूर्ती रानड्यांनी जाहीर सभेत त्याच्या गळ्यात हार घातला आणि सुनावलं, की बाळूबरोबर खेळता, तर त्याच्याबरोबर खाल्लं-प्यायलंही पाहिजे.

ज्या रस्त्यांवर हत्ती चालला त्या रस्त्यांवरून मी शाळेत गेलो, पण हा प्रसंग मला कुठल्याही पाठ्यपुस्तकात भेटला नाही. निवृत्तीनंतरच्या वाचनात कळला, तेव्हा आपल्या गावाचा फार अभिमान वाटला. आणि दुसऱ्याच क्षणी मनात आलं, हत्तीवर बसवणं एका दिवसाचं असतं, पंगतीला बसवणं रोजचं. मान देणं सोपं, रीत बदलणं अवघड. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूनं शंभरावर बळी घेतले, पण हिंदू संघाचं कप्तानपद त्याला कधीच मिळालं नाही. ते १९२३ साली त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं.

आता सांगली. मी बीए झालो तो विश्रामबागच्या विलिंग्डन कॉलेजातून. डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं १९१९ साली ते काढलं आणि नाव दिलं नुकत्याच पायउतार झालेल्या मुंबईच्या गव्हर्नराचं, लॉर्ड विलिंग्डनचं. चार वर्षं मी ते नाव वह्यांवर लिहिलं, पण हा माणूस कोण याची चौकशी केली नाही. या गव्हर्नराच्या नावानं मुंबईत आणखी एक संस्था आहे, ताडदेवचा विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब. तिथं गोल्फचं अठरा भोकांचं मैदान आहे. साहेबांच्या एका क्लबात गव्हर्नराच्या हिंदी पाहुण्यांना मज्जाव झाला, म्हणून त्यानं १९१७-१८ च्या सुमारास गोरे आणि हिंदी दोघांनाही खुला असा हा क्लब काढला, असं सांगतात.

चांगली गोष्ट केली, यात शंका नाही. पण हिंदी म्हणजे कोण? राजेरजवाडे, गिरणीमालक, बॅरिस्टर. कुंपण पडलं नाही, थोडं लांब सरकलं. शिवाय याच गव्हर्नरानं जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत लोकमान्य टिळकांना बोलताना मध्येच अडवलं आणि लोकमान्य सभात्याग करून निघून गेले. दुसरा फटका मारत असताना आवाज करू नये, ही रीत मैदानावर पाळणाऱ्याला सभेत दुसऱ्याचं बोलणं पुरतं ऐकून घेववलं नाही.

सांगलीचाच आणखी एक माणूस या गोष्टीत येतो. विजय हजारे, जन्म ११ मार्च १९१५, सांगली. वडील शाळामास्तर, म्हणून मला जरा जास्तच जवळचे. हजारे मराठी ख्रिस्ती. मुंबईच्या त्या प्रसिद्ध स्पर्धेत संघ धर्मावर ठरायचे: युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान. मग हजाऱ्यांसारख्यानं खेळायचं कुठून? १९३७ साली पाचवा संघ आला, त्याचं नावच 'द रेस्ट'. म्हणजे उरलेले! १९४३ च्या अंतिम सामन्यात या उरलेल्यांच्या संघानं दुसऱ्या डावात ३८७ धावा केल्या. त्यातल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. सामना हरले, पण तो डाव लोक विसरले नाहीत. पुढे फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारतानं इंग्लंडला हरवून पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा कप्तान होते विजय हजारेच.

म्हणजे साताऱ्यानं ज्याला हत्तीवर बसवलं तो चहाला बाहेर बसलेला, आणि सांगलीत जो जन्मला तो 'उरलेल्यां'तला. मैदानाची रीत किती चांगली हे तपासायचं असेल तर कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या माणसाला विचारावं, हे मला या दोघांनी शिकवलं.

एक गोष्ट आणखी लक्षात आली. आपल्याकडे गोल्फ खेळणाऱ्याबरोबर कॅडी असतो. तो पिशवी वाहतो, चेंडू शोधतो, आणि उडालेला ढलपाही बहुधा तोच बसवतो. म्हणजे रीत साहेबाची, हात दुसऱ्याचे. बाळूच्या हातातला रूळही त्यातलाच. याउलट आपल्या तालमीत बघा. जो कुस्ती खेळतो तोच हौदातली माती उकरतो. कुणी मोठ्या बापाचा असला तरी फावडं चुकत नाही. आत उतरताना माती कपाळाला लावायची, बाहेर येताना ती मागच्यासाठी सारखी करायची. गोल्फच्या पुस्तिकेतली रीत ती हीच, आणि आमच्याकडे तिच्यासाठी पुस्तिका कधी लागली नाही. २०२२ साली महाराष्ट्र केसरी स्पर्धा साताऱ्यात झाली आणि २०२३ साली पहिली महिला महाराष्ट्र केसरी सांगलीत. ज्या हौदात बायकांना उतरू देत नसत तिथं सांगलीची प्रतीक्षा बागडी मानाची गदा घेऊन उभी राहिली. हे कुंपण माझ्या डोळ्यांदेखत पडलं.

नाशिकला कुणी गेलात तर 'गोल्फ क्लब मैदान' विचारा, रिक्षावाला बरोबर नेऊन सोडेल. तिथं आता गोल्फ नाही. पहाटे शेकडो माणसं फेऱ्या मारतात, पोरं क्रिकेट खेळतात, रणजीचे सामने झाले आहेत. मैदानाचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ ला ज्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळी झाडली आणि १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात जे फासावर गेले, ते कान्हेरे. साहेबाच्या खेळाचं नाव आणि साहेबाला मारणाऱ्याचं नाव एकाच जमिनीला! इतिहासाच्या शिक्षकाला याहून चांगला नमुना कुठे मिळणार?

तर साहेब गेला, मैदानं आपली झाली. गोल्फही आता अगदी परका राहिलेला नाही. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये २०२१ साली आपला उदयन माने खेळून आला. पण आपली झालेली मैदानं आपण कशी ठेवतो? एका गावातलं मैदान मी चाळीस वर्षं पाहतो आहे. आज सभा, उद्या प्रदर्शन, परवा लग्न. प्रत्येक जण मांडवाचे खांब रोवतो आणि उपटून नेतो, खड्डे तसेच. सोमवारी सकाळी पोरं खेळायला येतात तेव्हा आधी खिळे आणि काचा वेचतात. मांडव घालणाऱ्यांत सगळ्या पक्षांचे, सगळ्या जातींचे आणि सगळ्या देवांचे लोक आहेत. १८८१ च्या अर्जात घोड्यांच्या टापांची तक्रार होती. आज अर्ज करायचा तर कुणाविरुद्ध? सगळे आपलेच!

दुसरीकडे नवी कुंपणंही येताहेत. मोठ्या शहरांच्या कडेला गोल्फ मैदानासकट वसाहती होतात, जाहिरातीत हिरवागार उतार दाखवतात. स्कॉटलंडात त्या गवतावर पाऊस पडतो. आपल्याकडे त्याला पाणी द्यावं लागतं. ज्या जिल्ह्यात एका टोकाला महाबळेश्वर आणि दुसऱ्या टोकाला माण-खटाव आहे, किंवा एका टोकाला कृष्णाकाठचा ऊस आणि दुसऱ्या टोकाला जत-आटपाडी, तिथल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात हिरवळीवर पाणी सोडण्याआधी शेजारच्या वाडीची टाकी भरली का हे बघणं, ही त्या पुस्तिकेत नसलेली पण आपल्याकडे पहिली ठरावी अशी रीत आहे. गायरानं आणि गावतळी तर झपाट्यानं गिळली गेली. सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली जगपाल सिंग खटल्यात सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवून त्या गावाला परत द्यायला सांगितलं, पण कागदावरचा निकाल जमिनीवर आणायला सेंट अँड्र्यूजसारखी पिढ्यान् पिढ्या भांडणारी माणसं लागतात.

आपण इंग्रजांकडून कुंपण घेतलं, पाट्या घेतल्या, सभासदत्वाची कार्डं घेतली. घेण्यासारखी गोष्ट फार साधी होती आणि ती आपल्या तालमीतही होती: जाण्याआधी आपण पाडलेला खड्डा आपल्या हातानं भरायचा. मागून कोण येणार आहे, त्याची जात कोणती, तो सभासद आहे की नाही, हे न विचारता भरायचा. गणपती जवळ आले आहेत. तुमच्या मंडळाचा मांडव सुटेल त्या दिवशी दोन पोरं, एक घमेलं आणि थोडी माती एवढंच लागेल. करून बघा. आणि तुमच्या गावच्या मैदानाचं जुनं नाव काय होतं, ते कुणाचं होतं, हे घरातल्या थोरांना विचारून मला जरूर कळवा.